चौरस

“मॅडम, ह्या खेपेला जरा भारी करा की.”

सकाळी साडेसहाला फोनवर व्हॉइस मेसेज येतो. बोलणाऱ्याच्या मागे लोखंड आदळत असतं, पंजाबी गाणं ढणढणत असतं आणि कुणीतरी “अजून दोन, शेवटचे दोन” म्हणून ओरडत असतं. हे शेवटचे दोन कधीच शेवटचे नसतात, एवढं मला आता कळलंय. मेसेजच्या पाठोपाठ ड्राइव्हची लिंक येते. लिंकमध्ये सदतीस क्लिप. त्यातून शुक्रवारपर्यंत चार व्हिडिओ काढून द्यायचे. प्रत्येकी तीस सेकंदांचा, आणि चौरस.

मी कोल्हापुरात घरी बसून जिमचे व्हिडिओ एडिट करते. आधी चार वर्षं लग्नं केली, म्हणजे लोकांची. अक्षता पडताना जांभई देणाऱ्या आत्या कापून काढायच्या, नवऱ्यामुलाच्या मित्रांचा नाच तीन मिनिटांवर आणायचा. मग टाळेबंदीत लग्नं पन्नास माणसांवर आली, आणि जिम पुन्हा उघडल्या तेव्हा त्यांच्या मालकांना गिऱ्हाईक परत आणायला व्हिडिओ हवे होते. तशी मी इकडे आले. आता पाच जिम आहेत. एकीचीही पायरी मी चढलेली नाही. पण कुणाचा डावा गुडघा बैठकीला आत वळतो, कोण सेट संपल्यावर आरशात बघून केस सारखे करतो, कोण वजन मोठ्या आवाजात टाकतो आणि मग इकडेतिकडे बघतो, हे मला पाठ आहे. एकदा कपिलतीर्थ मंडईत कोथिंबिरीच्या ढिगापाशी एक माणूस वाकला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “उजवा खांदा कसा आहे आता?” तो दचकला. मीही. जुडी न घेताच मी पुढे सटकले.

चौरस या शब्दाशी माझी ओळख शाळेतली. शरीरविज्ञानाच्या पुस्तकात ‘चौरस आहार’ असायचा आणि शेजारी चित्र: पोळी, भाजी, वरण, भात, काकडीच्या चकत्या आणि दुधाचा पेला. ताट गोल आणि आहार चौरस, हे कोडं मला बरेच दिवस सुटलं नव्हतं. आईला विचारलं तर ती म्हणाली, सगळ्या बाजूंनी पुरेसं असतं ते चौरस. परवा एका जिमच्या मालकांनी भिंतीवर लावायला ‘चौरस आहार’ असा तक्ता पाठवला. त्यात सहा अंड्यांचा पांढरा भाग, ओट्स, उकडलेलं चिकन आणि एक सफरचंद होतं. वरण कुठेच नव्हतं.

माझ्या धंद्यात चौरस म्हणजे १०८० बाय १०८०. इतके ठिपके आडवे, तितकेच उभे. कॅमेऱ्यातून चित्र येतं ते आडवं, १९२० बाय १०८०. उंची आहे तशी ठेवायची आणि रुंदीतून ८४० ठिपके काढून टाकायचे. मधोमध कापलं तर डावीकडून ४२० आणि उजवीकडून ४२०. जवळजवळ निम्मं चित्र जातं. मालकांना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मग निम्मे पैसे घ्या की!” नंतर मी त्यांना फोन उभा धरून दाखवला. आडवा व्हिडिओ उभ्या फोनवर एखाद्या फळीसारखा दिसतो, वर-खाली दुसऱ्यांच्या पोस्ट. तोच चौरस केला की पावणेदोनपट जागा अडवतो. जागा अडवणं ही गोष्ट कोल्हापूरच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

तसा हा चौरस आता जुनाच झाला. इन्स्टाग्राम २०१० साली निघालं तेव्हा चौरसाशिवाय तिथे काही चालतच नसे. २०१३ मध्ये व्हिडिओ आले, पंधरा सेकंदांचे आणि चौरसच. २०१५ मध्ये आडव्या-उभ्याला परवानगी मिळाली. मग रील आल्या, उभ्या आणि लांबुळक्या, आणि २०२५ च्या सुरुवातीला त्यांनी प्रोफाइलवरची चौरस खणांची जाळीसुद्धा उभट करून टाकली. माझ्या मालकमंडळींचा जीव मात्र चौरसात अडकलेला. एकच व्हिडिओ फेसबुकला जातो, गल्लीच्या ग्रुपवर जातो, रिसेप्शनच्या टीव्हीवर दिवसभर फिरतो. कुठेही मुंडकं कापलं जात नाही. मीही त्यांना फार समजावायला जात नाही. मला चौरस आवडतो.

चौरसात माणूस नीट बसतो. जिममधला मोठा रॉड २२० सेंटिमीटर लांब असतो, नुसता रॉडच वीस किलोचा. तो डोक्यावर उचलून माणूस उभा राहिला की जितका रुंद तितकाच साधारण उंच दिसतो. चारी कडांना थोडी थोडी हवा राहते आणि चित्र बसतं. बैठका मारणाराही बसतो. जोर मारणारा बसत नाही, तो आडवा. त्याच्या वर मोकळं आभाळ राहतं, तिथे मी ऑफरचा मजकूर टाकते. पंचाईत होते ती शूट करणाऱ्या पोराने हौसेने जवळून घेतलेल्या शॉटची. चेहरा ताणलेला, मानेच्या शिरा फुगलेल्या, घाम कानामागून ओघळतोय. आडव्या चित्रात दोन्ही बाजूंना काळ्या प्लेटा दिसतात. चौरस केला की प्लेटा जातात. मग उरतो एक तोंड वेडंवाकडं करणारा माणूस, हातात मोकळी दांडी घेतलेला. वजन सगळं टोकाला असतं आणि टोकं तर मीच कापलेली. अशा वेळी चित्र लहान करून प्लेटा आत घ्याव्या लागतात, चेहऱ्यावरचा घाम सोडून द्यावा लागतो. घाम की वजन, यावर माझा एकेका शॉटमागे अर्धा तास जातो, आणि तीस सेकंदांच्या व्हिडिओत तो शॉट दीड सेकंद असतो.

आमच्या घरी एक चौरस फोटो आहे. माझे आजोबा, आप्पा, तालमीतले. पन्हाळ्याकडच्या गावातून कोल्हापूरला तालमीत राहायला आले आणि पाच वर्षं माती अंगाला लावली. गुडघा गेल्यावर गावी परतले ते शेतीच करत राहिले. फोटोत ते लांग कसून उभे आहेत, दोन्ही हातांत करेल. मागे पडदा, पडद्यावर रंगवलेला जिना. कुणीही न चढलेला. कडेला स्टुडिओतल्या तिवईचा एक पाय दिसतो. हा फोटो दोन भिंगांच्या कॅमेऱ्यातला. असला कॅमेरा छातीशी धरून वरून आत डोकावायचं असतं, म्हणजे फोटोग्राफर समोरच्याला नमस्कार करतोय असंच वाटतं. आतल्या काचेवर डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे दिसतं. वरून बघायचं म्हटल्यावर कॅमेरा आडवा किंवा उभा फिरवायची सोयच नाही. म्हणून फिल्मवर सहा बाय सहा सेंटिमीटरचा चौरस, एका रोलमध्ये बारा फोटो. जर्मनीत १९२९ साली निघालेल्या रोलीफ्लेक्सने ही चाल रुळवली आणि पुढे गावोगावच्या स्टुडिओंनी उचलली. आप्पांच्या वाट्याला त्या बारांतला एक आला. त्यासाठी ते दोन दिवस खुराकाचे पैसे वाचवत होते, असं आजी सांगायची. माझ्याकडे एका सकाळच्या सदतीस क्लिप असतात.

आप्पांनी असलं काही पाहिलं असतं तर ते काय म्हणाले असते, हा प्रश्न मला लोक विचारतात. काय म्हणणार? खासबागच्या मैदानात ते लढले होते, एकदाच, आणि हरले होते. शाहू महाराजांचं ते मैदान, १९१२ सालचं. हौदा मधोमध आणि चहूबाजूंनी माणसं. तिथे कुठल्या बाजूचं काय कापायचं हा प्रश्नच येत नाही. प्रत्येक बाजूला कुणीतरी बघायला बसलेलंच असतं. पण बघण्याची हौस तीच. मार्च १८९४ मध्ये एडिसनच्या न्यू जर्सीतल्या स्टुडिओत युजेन सँडो नावाच्या पैलवानाला कॅमेऱ्यासमोर उभं केलं होतं. लंगोटासारखी चड्डी, दंड फुगवणं, पाठ दाखवणं, काही सेकंदांचा खेळ. आवाज नाही. पेटीत डोळा घालून एका वेळी एकाच माणसाने बघायचा. सिनेमा अजून पडद्यावरसुद्धा आला नव्हता आणि जिमचा व्हिडिओ आलेला होता! एकट्याने, मान खाली घालून, दुसऱ्याचे दंड बघायचे. आज केएमटीच्या बसमध्ये प्रत्येक सीटवर हेच चाललेलं दिसतं.

आवाज बंदच, हेही तेव्हासारखंच. बसमध्ये, ऑफिसात, झोपलेल्या बायकोशेजारी लोक मुक्याने बघतात. म्हणून मला पाट्या लिहाव्या लागतात. याच गावात बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० मध्ये ‘सैरंध्री’ केला. तेव्हाच्या मूकपटांत मधूनमधून पाट्याच असायच्या. माझ्या पाट्या अशा: ‘आज नाही तर कधी?’ ‘पोट कमी, फी पण कमी’. दुसरी मालकांची आहे, माझी नाही. मी ‘सावकाश करा, रोज करा’ असं एकदा लिहून पाठवलं होतं. उत्तर आलं, “मॅडम, हे दवाखान्यागत वाटतंय.”

आणि तरी आवाज असतोच, ऐकणाऱ्यांसाठी. कट गाण्याच्या ठोक्यावर पडला पाहिजे, असा दंडक. इथे माझं महावितरणशी वाकडं आहे. आपली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते आणि जिममधले स्वस्त दिवे त्या तालावर लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, पण फोन सेकंदाला तीस चित्रांवर ठेवला की भिंतीवरून काळे पट्टे सरकत जातात. म्हणून मी शूट करणाऱ्या पोराला सांगितलं, पंचवीसवर ठेव. पट्टे गेले. आता गाणं बहुतेक मिनिटाला १२० ठोक्यांचं, म्हणजे अर्ध्या सेकंदाला एक. पंचवीसचं अर्धं साडेबारा. अर्धं चित्र कसं कापणार? एक कट बाराव्यावर, पुढचा तेराव्यावर, एकदा ठोक्याच्या किंचित आधी, एकदा बरोबर ठोक्यावर. हे कुणालाही कळत नाही. मला कळतं. लंगडणाऱ्या माणसाबरोबर चालावं तसं ते आतल्या आत टोचत राहतं.

ठोक्यावर ठोका, उचलण्यावर उचल, असं करत तीस सेकंद भरतात, आणि त्या नादात मी जे कापते ते सगळं थांबणं असतं. चांगल्या सेटला चाळीस सेकंद लागतात. मग दीड-दोन मिनिटं माणूस नुसता बसतो. जड वजन असेल तर तीन मिनिटं. म्हणजे तासाभरातला बराचसा वेळ जिममधला माणूस काहीच करत नाही. बाकावर बसतो, श्वास परत आणतो, तळव्यावरचा घट्टा दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने दाबून बघतो, कुणाला तरी गॅस सिलिंडरचा नंबर लागला का विचारतो. शरीर कमावलं जातं तेही वजन उचलताना नव्हे, उचलून झाल्यावरच्या विश्रांतीत आणि झोपेत, असं ट्रेनर लोक स्वतःच सांगतात. पण माझ्या व्हिडिओत कुणी बसत नाही. माझी माणसं उचलतच राहतात. ही सगळी बसलेली माणसं माझ्या हार्ड डिस्कवर ‘बाद’ नावाच्या फोल्डरमध्ये आहेत.

आधी-नंतरच्या व्हिडिओंबद्दल लोकांना फार कुतूहल असतं. त्यात मजेचं फार काही नाही. चौरसाचे दोन उभे तुकडे, डावीकडे आधी, उजवीकडे नंतर. आधीच्यात ट्यूबलाइट समोरून, पोट सैल, चेहरा पाडलेला. नंतरच्यात दिवा डोक्यावरून, श्वास आत, नुकतेच जोर मारून फुगवलेले दंड. एकाच दिवशी दोन्ही काढता येतात. काढलेले मी पाहिलेत. मी एवढंच करते की मला क्लिपची तारीख दिसते, आणि तारखा एकाच दिवसाच्या असल्या तर ते काम परत पाठवते. तीनदा पाठवलं. तिन्ही वेळा ते दुसरीकडून करून आलं, आणि चांगलं झालं होतं, हेही सांगायला पाहिजे.

यापेक्षा मला दुसरी एक गोष्ट लागून राहिली आहे. एका जिमच्या ट्रेनरचा व्हिडिओ होता, डेडलिफ्ट, १४० किलो. बाजूने घेतलेला, सुंदर शॉट. चार उचली. मी एकेक चित्र पुढे सरकवत कट शोधत होते. पहिल्या उचलीला पाठ फळीसारखी सरळ. चौथ्या उचलीला प्लेट जमिनीवरून सुटायच्या आधी कंबर वर आली आणि पाठीचा खालचा भाग मांजरीसारखा गोल झाला. सात चित्रं, म्हणजे पाव सेकंदाहून थोडं जास्त. जिममध्ये उभ्या असलेल्या कुणालाही दिसलं नसणार. तेवढ्या वेळात टाळ्या सुरू झालेल्या असतात. मी पहिली आणि चौथी उचल एकमेकींवर अर्धी पारदर्शक करून ठेवली, आणि मग तर नकोच म्हणण्याइतकं स्पष्ट दिसायला लागलं. मी काही व्यायामातली जाणकार नाही. दिवसाचे आठ तास खुर्चीत वाकून बसते, कमरेमागे उशी घेते. तरी मालकांना फोन केला, पाठ गोल होतेय म्हणाले, सरांना सांगा.

“कुठल्या उचलीला?”

“चौथ्या.”

“मग तेवढं कट करा की. तीनच ठेवा.”

मी कट केलं. तीन उचली, मग प्लेटचा जवळून शॉट, मग हसणारा चेहरा. व्हिडिओ छान चालला. नंतरच्या महिन्याच्या फुटेजमध्ये सर कमरेला पट्टा बांधून स्टुलावर बसलेले दिसले, दुसऱ्यांचे आकडे मोजत. त्या चौथ्या उचलीनेच झालं असं मला म्हणता येणार नाही. पुढे कधीतरी ते पुन्हा उचलायला लागले. पण त्या सात चित्रांची क्लिप मी ‘बाद’मधून अजून पुसलेली नाही.

त्या फोल्डरमध्येच मला काकू सापडल्या.

झालं असं की मालकांना दिवाळीला ‘वर्षभराची झलक’ हवी होती. जूनपासूनचं सगळं आडवं फुटेज मी पुन्हा लावलं, न कापता. सकाळच्या बॅचला कॅमेरा नेहमी त्याच जागी, मधल्या रॅकसमोर. मध्ये सर, नाहीतर सरांचा एखादा तयार झालेला पोरगा. आणि उजव्या कडेला, त्या ४२० ठिपक्यांच्या पट्ट्यात, भिंतीकडच्या रॉडशी एक बाई. पंचावन्न-साठच्या. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला गच्च बांधलेली, पायात पांढरे बूट. मी हा पट्टा पाच महिने दर आठवड्याला कापत आले होते. त्या मला पहिल्यांदा दिसल्या.

जूनमध्ये रॉड रिकामा. तोही त्या एकदा उचलतात आणि पाणी प्यायला जातात. जुलैत पावसाने खिडकीचा उजेड गेलाय, पण रॉडला अडीच-अडीचच्या प्लेटा आहेत. ऑगस्टमध्ये तीन आठवडे त्या नाहीत; गणपतीची तयारी असेल, किंवा घरात कुणी आजारी असेल, किंवा मुलीचं बाळंतपण. सप्टेंबरमध्ये परत आल्या तेव्हा पुन्हा रिकामा रॉड. इथे मी थांबले, चहा करून आणला. मग पाच-पाच. उचलण्याआधी त्या रॉडला बोटं लावून कपाळाला नेतात, हौद्यात उतरताना मातीला लावावीत तशी. हे त्या दर वेळी करतात आणि दर वेळी आधी इकडेतिकडे बघतात, कुणी बघतंय का. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात प्लेटा दहा-दहाच्या. चित्र मोठं केलं की आकडा वाचता येतो. वीस अधिक वीस, चाळीस किलो. पाठ सरळ. पाच उचली, पाचव्यालाही सरळ. मी एकेक चित्र सरकवून पाहिलं.

सबंध फुटेजमध्ये त्या मधोमध एकदाच येतात. खंडेनवमीला. यंत्रांना झेंडूच्या माळा, डंबेलांना हळदकुंकू, ट्रेडमिलच्या पट्ट्यावर नारळ, आणि मालकांनी वडीलधाऱ्या म्हणून त्यांच्या हातात आरतीचं ताट दिलेलं. तो शॉट मी तेव्हा वापरलाही होता. छान बसला होता चौरसात.

दिवाळीची झलक मी करून दिली, सरांची आणि पोरांची. मग एका रात्री माझं मीच एक बसवलं. चौरस उजव्या कडेला सरकवला आणि चित्र मोठं केलं. मधल्या रॅकवरचे सर गेले, त्यांची एक कोपराएवढी कड राहिली, आप्पांच्या फोटोतल्या तिवईच्या पायासारखी. काकू मध्ये आल्या. जून, जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, चार तुकडे. गाणं टाकलं नाही. खोलीतला आवाजच ठेवला. ऑगस्टच्या जागी काही नाही, दोन सेकंद काळं. पाचव्या उचलीनंतर त्या बाकावर बसतात आणि ओढणीने मान पुसतात, ते अकरा सेकंद तसेच ठेवले. माझ्या कामात अकरा सेकंदांचा शॉट म्हणजे गुन्हाच. पैसे लावले नाहीत. मालकांना पाठवला आणि खाली लिहिलं, टाकायचा असेल तर आधी त्यांना विचारा.

निळ्या खुणा लगेच आल्या. मग बराच वेळ ते टाइप करत होते, थांबत होते, परत टाइप करत होते.

“मॅडम, फ्रेम चुकली का? सर दिसंनात.”

मी लिहिलं, नाही, बरोबर आहे. शेवटपर्यंत बघा.

या वेळी व्हॉइस मेसेज आला. मागे लोखंड, मागे “शेवटचे दोन”.

“बघितला, बघितला. ह्या काकू होय! बरं झालं मॅडम, आठवण केली. त्यांचं सहा महिन्यांचं पॅकेज ह्याच आठवड्यात संपतंय.”